हार सुकेपर्यंत

गोदाच्या हातचा हार लांबूनही ओळखू येतो. कळीला कळी अशी चिकटलेली की मधला दोरा शोधून सापडायचा नाही. सुरंगीच्या दिवसांत ती उजाडायच्या आत आमच्या बागेत येते, कडेच्या दोन झाडांच्या कळ्या खुडते आणि मागच्या पडवीत बसून ओवते. सुरंगी कळीतच खुडावी लागते. एकदा उमलली की मधमाश्या तिला सोडत नाहीत आणि ती दोऱ्यात नीट बसत नाही. आठच्या सुमाराला टोपलीवर ओलं फडकं टाकून गोदा मांडवीच्या वाटेवरच्या देवळाशी जाऊन बसते. एकवीस वर्षं हे चाललंय. तिला ताप आलेला मी पाहिलाय, पण तिच्या टोपलीत कोमेजलेलं फूल पाहिलेलं नाही.

ती मूळची लांज्याकडची. पंचविसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा मुंबईला एका इमारतीचा वॉचमन. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गणपतीत आठ दिवस आणि शिमग्याला पाच, एवढेच ते घरी येत. मुलीच्या शाळेसाठी गोदा गाव सोडून रत्नागिरीत आली, मांडवीला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मृणालीला शिकवलं आणि पोफळीच्या वीज केंद्रातल्या मुलाला दिलं. सगळं एकटीनं केलं.

"सगळे दिस जोडलेत ना वहिनी, तर दोन वर्षांचा पण संसार नाय झाला आमचा," ती एकदा म्हणाली होती. "त्यातला पण निम्मा पावन्यांच्या उठबशीत गेला."

गेल्या दिवाळीत आप्पा कायमचे आले. इमारतीनं राखणीचं काम एजन्सीला दिलं होतं. चौतीस वर्षांनी एक ट्रंक आणि एक बॅटरी घेऊन ते मांडवीला उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकची खुर्ची दाराबाहेर टाकून बसले. कोणी गल्लीत शिरलं की उठून उभे राहात. शेजारच्या गंगुबाईंसाठी उठत, पोस्टमनसाठी उठत. गोदा रिकामी टोपली घेऊन आली की तिच्यासाठीही उठत, टोपली हातात घेत आणि दार उघडून बाजूला होत.

"गोदे, तुझा वॉचमन एक दिवस माझ्याकडं ओळखपत्र मागेल हां!" गंगुबाई ओरडायच्या.

"मागू दे की. तुमचं तोंड बघून आत सोडायला भितात," गोदा उलट फेकायची. सगळी गल्ली हसायची, आप्पाही हसायचे.

पडवीत मात्र ती हसत नसे. "पावना राहतो तसे राहतात वहिनी. चहा झाला की कप विसळून पालथा. आमटीत मीठ जास्त पडलं तरी 'छान झालीय'. मला वाटायचं, एकदाचा हा माणूस घरी आला की चौतीस वर्षांचं भांडेन. आता कळलं, भांडायला पण ओळख लागते."

चैत्रात आप्पांना मुंबईहून फोन आला. त्यांच्या जुन्या इमारतीतल्या एका साहेबांनी नव्या टॉवरमध्ये घर घेतलं होतं आणि तिथं त्यांना विश्वासाचा माणूस हवा होता. दिवसपाळी, राहायला खोली. शनिवारी दुपारी एक वाजता परत फोन करतो, तेव्हा हो की नाही ते सांगा, नाहीतर दुसरा बघतो, असं म्हणाले.

"मग?" मी पडवीत गोदाला विचारलं.

"मग काय? मी म्हटलं, जावा."

"तुला काय वाटतं ते सांगितलंस का त्यांना?"

"मला वाटून काय करायचंय?" ती सुईकडे बघत म्हणाली. "आमच्यात जाणाऱ्या माणसाला अडवत नाय वहिनी. आमच्या वाडीतली एक नवी सून यष्टीच्या फाट्यावर नवऱ्याला 'नका जाऊ' बोलली, तर सासूनं तिला म्हातारी होईपर्यंत ऐकवलं. मी चौतीस वर्षांत एकदा पण बोलले नाय. आता साठीला आल्यावर बोलू?"

आणि सुई तिच्या बोटात गेली. एकवीस वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. तिनं बोट तोंडात धरलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या घरी वरच्या खोलीत वेगळाच घोर लागला होता. माझे यजमान देवदत्त पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी त्यांना नवरानवरी उभी राहतात त्या मागच्या भिंतीसाठी मोठं चित्र सांगितलं होतं. विषय ह्यांनीच निवडला, पुराणातल्या त्या राजकन्येचं स्वयंवर. तिनं मनानं एका राजाला वरलेलं असतं, पण स्वयंवराला चार देव त्याच राजाचं रूप घेऊन येतात आणि तिच्यापुढे एकाच चेहऱ्याचे पाच पुरुष ओळीनं बसतात. त्यातला आपला कोणता? मग तिला दिसतं की चौघांच्या पापण्या लवत नाहीत, अंगाला घाम नाही, पाय भुईला टेकलेले नाहीत, गळ्यातले हार टवटवीत आहेत. आणि एकाच्या अंगावर धूळ आहे, घाम आहे आणि त्याचा हार सुकलाय. ती त्याच्या गळ्यात माळ घालते.

ह्यांची पद्धत अशी की मोठ्या चित्राला हात लावायच्या आधी एकेका गोष्टीचा वेगळा अभ्यास करायचा. राजकन्येच्या बोटांचे अकरा कागद झाले होते. देवांच्या पायांचे झाले होते, पावलांखाली दोन बोटं कागद कोरा सोडलेला, आणि त्या कोऱ्या जागेकडे बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. चारही देव जमले होते. राजा जमत नव्हता.

"त्याचा हार मनानं काढला की खोटा दिसतो," हे म्हणायचे. "टोपलीत सुकणं वेगळं आणि जिवंत माणसाच्या अंगावर सुकणं वेगळं. मला ते होताना बघायला हवंय."

त्यांचा जुना विद्यार्थी सुजय बँकेत आहे. तो सुट्टीच्या दिवशी येऊन उघडा उभा राहिला. दहा मिनिटांत त्याला खाज सुटली, विसाव्या मिनिटाला मोबाइल वाजला, अर्ध्या तासानं तो म्हणाला, "सर, फोटो काढून घ्या ना, सोपं पडेल." ह्यांनी त्याला चहा देऊन घरी पाठवलं.

आप्पांचं नाव मी सुचवलं. हलल्याशिवाय उभं राहणं हे ज्याचं आयुष्यभराचं काम होतं असा दुसरा माणूस मला तरी ठाऊक नव्हता.

"उभं राहायचं? किती तास?" आप्पांनी विचारलं.

"हार सुकेपर्यंत. दुपार होईल."

"मध्ये चहा?"

"मिळेल."

"मग ड्यूटीच झाली साहेब," ते म्हणाले. "शनिवारी दुपारपर्यंत मी मोकळाच आहे."

हार अर्थातच गोदाचा. पण आम्ही दोघं तिला सांगायला गेलो तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सुकणारा हार? सर, माझ्याकडं सुकणारा हार मिळत नाय."

मी तिला गोष्ट सांगितली. ती शेवटपर्यंत मन लावून ऐकत राहिली.

"म्हणजे चार देव हरले?"

"हरले."

"बरं झालं. पण सुकलेल्या हारावरनं नवरा ओळखला? बाय माजी! त्या राजाच्या घरी माळीण कोण होती? चांगली बाई ठेवली असती तर गोष्टच घडली नसती."

हे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तरी गोदानं हार केला. दोन हात लांब, बोटाएवढा जाड, सगळा सुरंगीचा.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आप्पा वरच्या खोलीत उभे राहिले. कौलांमध्ये एक काचेचं कौल आहे, त्याखाली. वरून पडणारा उजेड थेट खांद्यावर यायचा. सदरा काढताना त्यांनी आधी दाराकडे पाठ केली. गोदा हार घेऊन दारात होती, तिनंही मान वळवली. दोघांचं मिळून वय एकशे वीसच्या पुढे, आणि लाजले असे की मीच जिना उतरून खाली आले.

अकरा वाजले, बारा वाजले, हार तसाच. एक वाजता ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कळ्या उमलल्या होत्या, पिवळे केसर बाहेर आले होते, वास तर जिन्यापर्यंत येत होता, पण एकही पाकळी मिटायला तयार नव्हती. शुक्रवारी नवा हार घातला आणि खिडकी लावून घेतली, म्हणजे समुद्राचा वारा नको. तरी हार तसाच.

"हा हार आहे की प्लास्टिक?" हे वैतागले. "आप्पा, तुम्हाला घाम येतो ना हो?"

"येतोय की साहेब. पाठीवरून ओघळतोय."

दोन्ही दिवस गोदा देवळातून दोनदा परत आली होती, "जरा बघून जाते" म्हणून. शुक्रवारी दुसऱ्यांदा मी तिच्या मागोमाग सरबताचे पेले घेऊन जिना चढले. ह्यांनी पेन्सिलीला टोक काढायला पाठ फिरवली तेवढ्यात गोदानं पदराआडचं ओलं फडकं काढलं, आप्पांच्या मागून गेली आणि हारावर चारदा पाणी शिंपडलं. हात असा चालला, जणू स्वतःच्या केसावरची माशी हाकलावी. आप्पा समोर बघत उभे. त्यांना माहीत होतं. पहारेकऱ्याला सगळं माहीत असतं, तो विचारल्याशिवाय सांगत नाही.

"गोदा!" माझ्या तोंडून गेलं.

हे वळले. फडकं तिच्या हातात होतं, थेंब आप्पांच्या पाठीवर होते.

"दोन दिवस!" हे म्हणाले. "दोन दिवस तू माझ्या हाराला पाणी घालतेस?"

गोदाचं तोंड लाल झालं. "मुद्दाम नाय केलं सर. देवाशपथ. हात आपोआप जातो. सासूनं शिकवलंय, गिऱ्हाइकासमोर फूल मरू द्यायचं नाय. हार विकला की मी तिकडं बघत नाय. देवाला घातला की पाठ फिरवते. माजा हार सुकताना मी आजपर्यंत बघितलेला नाय." आणि मग हळूच म्हणाली, "आणि ह्यांच्या गळ्यात कसा सुकू देऊ? बरं दिसतं का ते?"

ह्यांचा राग तिथंच बसला. थोडा विचार करून ते म्हणाले, "उद्या तू देवळात जाऊ नकोस. इथं बस, ह्या स्टुलावर, त्यांच्या समोर. हात मांडीवर. हार सुकेपर्यंत उठायचं नाही आणि हात लावायचा नाही."

"बसून काय करू?"

"बघ."

शनिवारी ती आली. बरी साडी नेसून, ताजा हार घेऊन आली. मी भाजी चिरायचं निमित्त करून विळी वरच्या खोलीतच नेली आणि दाराशी बसले, म्हणून पुढचं सगळं मला सांगता येतंय. आप्पांचा मोबाइल खिडकीच्या फळीवर होता. एक वाजताचा फोन तिघांच्याही लक्षात होता, माझ्याही. कोणी त्याचं नाव काढलं नाही.

पहिला अर्धा तास गोदाला हातांचं काय करावं ते कळेना. मांडीवर ठेवले, पदरात गुंडाळले, शेवटी मांडीखाली दाबून धरले. नजर कौलांवर, कागदांवर, माझ्या फणसाच्या गऱ्यांवर. मग बघायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा ती आप्पांकडे बघायला लागली.

मी आयुष्यात पुष्कळ नवराबायको पाहिलेत. एक बाई आपल्या नवऱ्याकडे एवढा वेळ बघते आहे असं कधी पाहिलं नव्हतं. आपण कुठं बघतो? ताट वाढताना बघतो, पैसे मागताना बघतो, आजारी पडल्यावर बघतो. नुसतं, काही काम नसताना, तासन्‌तास कोण बघतं? विळीवरचे माझे हात थांबले ते मला नंतर कळलं.

दहाच्या पुढे कळ्या उमलू लागल्या. आधी छातीवरच्या, मग खांद्याच्या. खोली वासानं भरली. अकराला मानेच्या बाजूला, जिथं दोरा कातडीला टेकतो तिथं, पहिलं फूल तपकिरी झालं. गोदाचा हात मांडीखालून निघाला आणि परत आत गेला.

"कानाजवळ खूण कसली?" तिनं एकदम विचारलं.

आप्पांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "बोला," हे म्हणाले, "फक्त मान हलवू नका."

"लिफ्टचं दार लागलेलं," आप्पा ओठ न हलवता बोलले. "पाच टाके."

"कधी?"

"मृणाली बारावीला होती."

"मला सांगितलं नाय ते."

"तू एकटी. तिची परीक्षा. सांगून काय करणार होतीस?"

"काय करणार होते म्हणजे? निदान मला ठाऊक असतं."

मग आप्पा म्हणाले, "तू शिडीवरनं पडलीस, हात मोडला, ते पण मला मृणालीनं सांगितलं. तू नाही."

"तुमी तिथून काय करणार होतात?"

"काहीच नाही. पण त्या दिवशी रात्रपाळीला कुणाची आठवण काढायची ते नीट कळलं असतं."

गोदानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. "ऐका वहिनी! बोलता येतं ह्यांना."

"गेटवर बोलायला मनाई असते," आप्पा म्हणाले.

मग ती दोघं बोलतच राहिली. उन्हात कौलं तापली होती. घाम त्यांच्या कपाळावरून भुवईत येऊन थांबत होता आणि ते पुसत नव्हते. ती त्यांना विचारत होती, जेवायला काय करायचात, तापात कोण बघायचं, सणाच्या दिवशी तिथं कोण असायचं. ते एकेका शब्दात सांगत होते. मध्येच ती म्हणाली, "मीठ जास्त झालं तर सांगत का नाय हो?" आणि ते म्हणाले, "मला वाटलं तुझ्या घरी तसंच खातात." "तुझ्या घरी" हे दोन शब्द गोदानं स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिले.

हार आता सुकत होता. नुसताच मलूल झाला नव्हता. मानेकडून खाली, एकेका फुलानं, जणू अंगाची ऊब कुठवर पोचलीय ते दाखवत तो रंग बदलत होता. छातीवर अजून पिवळा, खांद्यावर मधासारखा, मानेशी पार तांबूस. घामानं काही फुलं कातडीला चिकटली होती. चाळीस वर्षं मी फुलं देवाला वाहतेय, पण फूल माणसाजवळ राहून असं बदलतं हे कधी पाहिलं नव्हतं. ते मरतंय असं वाटतच नव्हतं. त्या माणसाचं होतंय असं वाटत होतं.

आणि मोबाइल वाजला.

बरोबर एक. फळीवर थरथरत तो पुढे सरकत होता. आप्पा हलले नाहीत. ड्यूटीवर ते हलत नाहीत.

"गोदा," ते समोर बघत म्हणाले, "उचल. साहेबांना सांग, सोमवारी हजर होतो."

गोदा उठली. फोन हातात घेतला. कुठं दाबायचं ते मी दाखवलं. ती आप्पांच्या समोर, दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि फोन कानाला लावला.

"हॅलो. नाय, मी त्यांची बायको बोलतेय. गोदा. ...नाय, बरे हायत. उभे हायत." पलीकडचा आवाज काहीतरी बोलत होता. ती बोलत होती फोनवर आणि बघत होती आप्पांकडे. त्या चिकटलेल्या फुलांकडे, कानाजवळच्या पाच टाक्यांकडे. "सोमवारी? नाय. सोमवारी ते येणार नायत. ...नाय नाय, आजारी नायत. मला ते इथं हवे हायत."

पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला.

"मला हवे हायत," ती पुन्हा म्हणाली, ह्या वेळी फोनकडे न बोलता, आणि फोन माझ्या हातात दिला. त्यातून अजून "हॅलो, हॅलो" येत होतं. मी तो बंद केला.

आप्पा तसेच ताठ उभे होते, हात अंगाशी, पाय जुळवलेले. फक्त डोळ्यांच्या पापण्या भराभर लवत होत्या. हे कागदावर वाकले होते, नाक कागदाला लागेल इतके. पेन्सिल अशी चालली होती की मागची दोन वर्षं त्यांचा हात थरथरतो हे खोटं वाटावं.

"आता हलू नका आप्पा," हे पुटपुटले. "आता तर अजिबात नका."

"तूच जा म्हणालीस," आप्पा म्हणाले.

"म्हणायला लागतं तसं."

"मला कसं कळणार?"

"आता कळलं?"

चौतीस वर्षांच्या सवयीनं मान न हलवता त्यांनी नुसते डोळे मिटून उघडले.

दहा-पंधरा मिनिटांनी ह्यांनी पेन्सिल ठेवली आणि "झालं" म्हणाले. आप्पांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. गोदानं स्टूल पुढे सरकवलं, त्यांना बसवलं, आणि मग आम्ही दोघी कागदापाशी गेलो.

मी ह्यांची शेकडो चित्रं पाहिलीत, रोजच्या वापरातली वस्तू बघावी तशी. हा कागद मला तसा बघता येईना. हार तर होताच, छातीशी ताजा आणि मानेशी विरलेला, एकेका फुलाखाली घामाचा ओलावा, पेन्सिलीनं काढलेला. पण त्यावर चेहरा होता. चेहरा काढायचं आज ठरलेलंच नव्हतं. समोर ओळखणारी व्यक्ती उभी आहे, आपण ओळखू येतोय, आणि त्याची अजून खात्री पटत नाही, अशा माणसाचा तो चेहरा होता. चार देवांच्या चेहऱ्यांत ते कुठंच नव्हतं. असायचंही नव्हतं. देवांना कोण ओळखणार, कोण नाही, ह्याची काळजी कशाला असेल? मला वाटलं, ती राजकन्या हार बघून थांबली नसेल. हार बघता बघता तिची नजर इथं, वर आली असेल.

मोठं चित्र अजून भिंतीवर चढायचं आहे. चांगलंच होईल. पण हा कागद कार्यालयाला द्यायचा नाही असं मी ह्यांना त्याच दिवशी सांगून ठेवलंय.

गोदा मात्र कागदाकडे फार वेळ बघत राहिली नाही. "नाक बरोबर काढलंत सर," एवढंच म्हणाली. मग आप्पांच्या मागे गेली आणि मानेला चिकटलेली फुलं एकेक सोडवायला लागली.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडं," आप्पा म्हणाले. "खांदा भरून आलाय. आणि भूक लागलीय. आणि काल आमटीत मीठ जास्त होतं."

"परवा पण होतं," गोदा म्हणाली.

मी पानं घ्यायला खाली जायला निघाले. मागून आप्पांचा आवाज आला, "मग उद्या किती वाजता यायचं?"

"उद्या कशाला आप्पा?" हे म्हणाले. "माझं काम झालं. उद्या सुट्टी."

"तुम्हाला नाही साहेब," आप्पा म्हणाले. "मी हिला विचारतोय. कळ्या खुडायला किती वाजता निघते ही?"